नूतनीकरण शुल्काचे की हिशेबाचे?

खान्देशात आखाजीला सालदाराचे साल संपते. वर्षभराची उचल, खाडे, धान्य यांचा हिशेब ओट्यावर बसून होतो आणि मगच पुढच्या सालाचा शब्द दिला जातो. ही प्रथा आता पूर्वीइतकी सार्वत्रिक राहिली नसली, तरी तिच्यामागचा व्यवहारी विवेक जुना झालेला नाही. मागील हिशेब पुरा झाल्यावाचून पुढील करार नाही, हाच तो विवेक होय. नूतनीकरण या शब्दाचा याहून नेमका अर्थ क्वचितच सापडेल.

घरे व भूखंड यांच्या खरेदी-विक्रीतील दलालांना हा अर्थ लावून पाहण्याची वेळ आली आहे. संसदेने 2016 साली संमत केलेला स्थावर संपदा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे अंमलात आला. त्याच्या नवव्या कलमान्वये नोंदणी केल्याखेरीज कोणाही दलालास नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देता येत नाही. बोलीभाषेत यालाच परवाना म्हणतात. महाराष्ट्रात ‘महारेरा’ हा परवाना पाच वर्षांसाठी देते आणि मुदतीनंतर त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते.

दलालास परवाना हवाच कशाला, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी व्यवसाय-परवान्यांना कडाडून विरोध केला होता. परवाना ग्राहकाचे रक्षण करण्याऐवजी आत शिरलेल्यांचेच रक्षण करतो, असा त्यांचा आक्षेप होता. उलटपक्षी, जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास ठाऊक नसेल, तर वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावून लावतो. भूखंडाच्या बाजारात ही विषमता टोकाची असते. जळगावच्या एखाद्या कार्यालयातील लिपिक भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आयुष्यात एकदाच भूखंड घेतो. दलाल मात्र असे भूखंड वर्षभर विकत असतो. सातबारावरील इतर हक्कांचा रकाना, बिनशेतीचा आदेश, मंजूर अभिन्यास यांतील खाचाखोचा एकास पाठ असतात, तर दुसऱ्याने ते कागद कधी पाहिलेलेही नसतात.

धुळ्याचा जुना धडा

मध्यस्थास नियमात बांधण्याचा अनुभव खान्देशास नवा नाही. कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत एके काळी रूढ होती. शेतकरी शेजारी उभा असे, परंतु आपल्या मालाचा भाव कसा ठरला हे त्यास कळत नसे. 1927 चा मुंबई कापूस बाजार कायदा अशा अनिष्ट प्रथांना आवर घालण्यासाठी झाला आणि त्याखाली लवकर नियंत्रित झालेल्या बाजारपेठांत धुळ्याचा समावेश होता. तेथे बदल घडला तो अडत्याच्या भिंतीवर परवाना लागला म्हणून नव्हे. उघड सौदा, तपासलेले वजन आणि हाती पडणारी हिशेबपट्टी यांमुळे त्या परवान्यास अर्थ आला.

स्थावर संपदा कायद्यातही हे तत्त्व आहे. दहाव्या कलमाने दलालावर हिशेबाच्या वह्या व कागदपत्रे जतन करण्याचे बंधन घातले आहे. नोंदणी न झालेला प्रकल्प विकण्यास त्यास मनाई आहे. प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक नमूद करणेही त्यास आवश्यक आहे. जानेवारी 2023 च्या आदेशाने ‘महारेरा’ने प्रशिक्षण आणि परीक्षा यांचीही जोड दिली व पहिली परीक्षा त्याच वर्षी 20 मे रोजी झाली. पुढे 2024 साली प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे 20 हजार दलालांची नोंदणी स्थगित करण्यात आली. त्यापूर्वी नूतनीकरण न केल्यामुळे 13 हजारांहून अधिक नोंदण्या रद्द झाल्या होत्या.

या आकड्यांवर समाधान मानावे काय? क्रमांक गेला म्हणून दलाली थांबली, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. ग्राहकच क्रमांक विचारीत नसेल, तर परवाना गमावणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. दुसरीकडे, नियम पाळणाऱ्या लहान दलालाची तक्रारही खरी आहे. वैयक्तिक दलालाचे दहा हजार रुपये शुल्क मुंबईत एका सदनिकेच्या दलालीत सहज भरून निघते. साक्री किंवा पारोळ्यासारख्या गावी वर्षाकाठी मोजके व्यवहार करणाऱ्यास तेच शुल्क जड जाते. स्थिर खर्चाचा बोजा लहानावर अधिक पडतो, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. त्याने नोंदणी सोडून चोरवाट धरली, तर दोष केवळ त्याचा नव्हे.

यावर उपाय उलट दिशेने शोधावा लागेल. शुल्क व्यवसायाच्या आकारानुसार हलके असावे, तपासणी मात्र कसून व्हावी. अर्ज, शुल्क आणि एकदाच मिळविलेले प्रमाणपत्र एवढ्यावर नूतनीकरण आटोपू नये. पाच वर्षांत कोणते प्रकल्प विकले, किती व्यवहार केले, किती तक्रारी आल्या व त्यांचे काय झाले, यांचा गोषवारा वह्यांशी ताडून पाहावा आणि तो ग्राहकास वाचता येईल असा प्रसिद्ध करावा. चोख हिशेब असलेल्या दलालास हीच सर्वांत स्वस्त जाहिरात ठरेल.

कुंपणाबाहेरचा बाजार

तरीही एक मोठे क्षेत्र या कुंपणाबाहेर उरते. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या अथवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही. जुन्या भूखंडाची फेरविक्री, शेतजमिनीचे व्यवहार आणि नोटरी केलेल्या कागदावर हातोहात फिरणारे गुंठेवारीचे तुकडे यांना दलालाच्या परवान्याचे हे बंधन पोहोचत नाही. जळगाव व धुळे या शहरांच्या कडेला वाढणाऱ्या वस्त्यांत सामान्य नोकरदाराची बचत अशाच व्यवहारांत अडकण्याचा धोका असतो. तेथे दलालाने क्रमांक दाखविला, तरी तो त्या जमिनीच्या निर्दोषतेचा दाखला नव्हे, हे घेणाऱ्याने ओळखले पाहिजे.

म्हणूनच इसार देण्यापूर्वी दोन वेगळ्या चौकशा आवश्यक ठरतात. पहिली जमिनीच्या कागदांची आणि दुसरी दलालाच्या क्रमांकाची व त्याच्या मुदतीची. सालदार ठेवताना ‘मागच्या मालकाचा हिशेब पुरा झाला ना?’ असे विचारण्यात खान्देशातील माणसास कधी संकोच वाटला नाही. आयुष्याची पुंजी ज्याच्या शब्दावर द्यावयाची, त्याला मात्र तोच प्रश्न विचारावयास संकोच वाटतो. हा संकोच जाईपर्यंत नूतनीकरणातून सरकारी तिजोरीत शुल्क तेवढे जमा होत राहील.