समाजमाध्यमे आणि रोजगाराचा शोध

कोकणातून किंवा घाटावरून मुंबईच्या गिरणगावात येणारा तरुण बहुधा कोणा नातेवाइकाचा अथवा गाववाल्याचा हात धरूनच गिरणीच्या दरवाजापर्यंत पोहोचत असे. राहावयाचे गावमंडळाच्या खोलीत, जेवावयाचे खानावळीत आणि कामास लागावयाचे ते ओळखीच्या जॉबरच्या शब्दावर, अशी ती व्यवस्था होती. तीत जिव्हाळा होता, तशी मर्यादाही होती. ज्या गावाचा माणूस गिरणीत नाही, त्या गावच्या मुलास जागा रिकामी झाल्याचे कळण्यास मार्गच नव्हता.

हा मार्ग सर्वांस खुला व्हावा, या हेतूने सेवायोजन कार्यालये निघाली. 1959 च्या कायद्यान्वये सरकारी आस्थापनांवर, तसेच 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा या कार्यालयांस कळविण्याचे बंधन आले. मात्र कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारासच घ्यावे, असे बंधन त्या कायद्यात नव्हते. त्यामुळे नोंदणी एकीकडे आणि प्रत्यक्ष निवड ओळखीपाळखीने दुसरीकडे, हे चित्र पूर्णपणे पालटले नाही. समाजमाध्यमांचा विचार करावयाचा तो या पार्श्वभूमीवर.

ओळख म्हणजे वशिला, असे आपण सरसकट समजतो. वस्तुतः ओळखीचा मोठा उपयोग वार्ता कळण्यासाठी होतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन शहरी नोकरी बदललेल्या व्यक्तींची पाहणी केली व 1973 मध्ये तीवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी ज्यांचा परिचित नित्य भेटणारा होता, असे शेकडा 17 देखील नव्हते. शेकडा सुमारे 56 जणांचा परिचित अधूनमधून भेटणारा, तर सुमारे 28 जणांचा क्वचित भेटणारा होता. याचे कारण उघड आहे. घरच्या माणसांस जे ठाऊक असते, ते बहुधा आपणांसही ठाऊक असते. दूरचा परिचित निराळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडील वार्ता नवी असते.

2003 मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइन या व्यवसायविषयक समाजमाध्यमावर 2015 ते 2019 या काळात जगभरच्या सुमारे 2 कोटी व्यक्तींच्या बाबतीत हीच गोष्ट प्रयोगाने तपासण्यात आली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अगदी निकटचे संबंध सर्वांत कमी, तर मध्यम दूरचे संबंध सर्वांत अधिक उपयोगी ठरले. मात्र त्यात एक महत्त्वाचा भेदही आढळला. संगणकाधारित कामाचे प्रमाण ज्या उद्योगांत अधिक, तेथे दूरची ओळख फलदायी ठरली. जेथे ते कमी, तेथे निकटची ओळखच अधिक उपयोगी पडली. आपल्या ग्रामीण तरुणांच्या दृष्टीने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. हिशेब, आरेखन किंवा संगणकावरील काम शोधणाऱ्याने अनोळखी व्यावसायिकांशी संपर्क वाढवावा. जोडारी, संधाता, वाहनचालक अशा कामांसाठी मात्र गावातून औद्योगिक वसाहतीत गेलेला आपलाच माणूस आजही मोलाचा आहे. व्हॉट्सॲपने त्याचे अंतर तेवढे कमी केले.

माध्यमावरील परिचय लिहिताना ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. ती उमेदवाराच्या हिताची नाही. आय. टी. आय. मध्ये कोणता व्यवसाय शिकला, कोणती यंत्रे हाताळली, शिकाऊ उमेदवारी कोठे केली, कोणत्या तालुक्यापर्यंत जाण्याची तयारी आहे, हे चार ओळींत सांगावे. स्वतः केलेल्या कामाचे एखादे छायाचित्र जोडल्यास उत्तम. आधार क्रमांक, बँक खाते किंवा गुणपत्रिका सर्वांस दिसेल अशा ठिकाणी ठेवू नये. अनोळखी व्यक्तीस पत्र लिहिताना एकदम नोकरी मागण्यापेक्षा ‘आपल्या कारखान्यात भरती कोणत्या महिन्यात होते, कोणते शिक्षण पाहिले जाते’ असे विचारावे. अशा प्रश्नास उत्तर देणे समोरच्यासही सोपे जाते.

शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. बहुतेक शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट झाले आहेत. त्यांवर फुलांची चित्रे आणि सुप्रभात यांची रेलचेल असते. कोण कोठे काम करतो, याची साधी यादीही त्याच गटातून तयार होऊ शकते. ज्या मुलाच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेची पायरी चढले, त्याला दूरची ओळख वारशाने मिळत नाही. शाळेची ओळख हीच त्याची पुंजी होय. राज्याच्या महास्वयंम व केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळांवरील नोंदणी मात्र सोडू नये. दोन्ही मार्ग एकत्र चालू शकतात.

याच दारातून ठकही आत येतात. अर्ज न करता आलेले निवडपत्र, मुलाखतीशिवाय नेमणूक, प्रशिक्षण वा अनामत म्हणून आगाऊ पैशांची मागणी, घरबसल्या चित्रफिती पसंत केल्याबद्दल मोबदला, ही त्यांची ठरावीक साधने. शासकीय भरतीची जाहिरात संबंधित विभागाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी. ती तेथे नसल्यास फिरत आलेल्या संदेशावर विसंबू नये. परदेशातील नोकरीबाबत अधिकच सावध राहावे. थायलंडमधील नोकरीचे आमिष समाजमाध्यमांवर दाखवून भारतीय तरुणांस म्यानमारमध्ये नेण्यात येत असल्याचा इशारा विदेश मंत्रालयाने 2022 मध्ये दिला होता. भरती करणारा अभिकर्ता नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते.

फसवणूक झाल्यास घरच्यांच्या भीतीने मुले गप्प बसतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि बँकेसही कळवावे. रक्कम पुढील खात्यांत वळती होण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती गोठविता येण्याचा संभव असतो. ठकाशी झालेली संदेशांची देवघेव लाजेपोटी पुसून टाकू नये, कारण तपासासाठी तोच पुरावा असतो.