कर्टच्या टी-शर्टवरचा बेडूक
नवं इंडी संगीत शोधताय? अल्गोरिदम राहू द्या, आवडत्या गायकाचा टी-शर्ट बघा! १९९२च्या एमटीव्ही पुरस्कारांना ‘निर्वाणा’ बँडचा कर्ट कोबेन आला तो छातीवर वटारल्या डोळ्यांचा बेडूक मिरवत. हे चित्र डॅनियल जॉन्स्टनच्या १९८३च्या ‘हाय, हाऊ आर यू’ कॅसेटचं. डॅनियल ऑस्टिनमध्ये घरगुती कॅसेटी हातोहात वाटायचा. खरखर भरपूर, आवाज कापरा. पहिल्यांदा मी वैतागून बंदच केली होती. तिसऱ्यांदा ऐकताना अडकलो.

पुढच्याच वर्षी, १९९३च्या एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ मैफलीत कर्टने मीट पपेट्स या बँडच्या दोघा किर्कवूड भावांना मंचावर बोलावलं आणि त्यांचीच तीन गाणी गायली. स्वतःची बरीचशी हिट गाणी बाजूला ठेवून, बरं का! तिन्ही ‘मीट पपेट्स टू’मधली. आज रात्री हेडफोन लावून तोच अल्बम ऐका.