रक्तदाबाचा वारसा

‘बीपी आमच्या घराण्यातच आहे’ आणि ‘आमच्या घरात कुणालाच बीपी नाही’ ही दोन वाक्ये यवतमाळ जिल्ह्यात सारख्याच खात्रीने बोलली जातात. पहिल्यात हताशपणा असतो, दुसऱ्यात निर्धास्तपणा. दोहोंमागे वारशाची एकच कल्पना आहे आणि ती विदर्भाच्या परिचयाच्या सिकलसेलला लागू पडते, रक्तदाबाला नाही.

सिकलसेलचा हिशेब स्वच्छ आहे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका जनुकात एक अक्षर बदलते, एवढेच त्याचे मूळ. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असले तर प्रत्येक अपत्य ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक. मुलगा असो की मुलगी, हे प्रमाण तेच. आणि तपासणीचे उत्तर वयाप्रमाणे बदलत नाही.

रक्तदाबही असाच एका जनुकाचा खेळ आहे का, यावर गेल्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट यांच्या मते उच्च रक्तदाब हा एका प्रभावी जनुकाने येणारा वेगळा रोग होता. जॉर्ज पिकरिंग यांचे म्हणणे असे की, उंचीप्रमाणेच रक्तदाबही समाजात कमीपासून जास्तीपर्यंत सलग आढळतो. आजारी आणि निरोगी यांच्यामधली रेघ आपण ओढतो. पुढे पिकरिंग यांचीच बाजू खरी ठरली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय वंशाच्या दहा लाखांवर लोकांच्या अभ्यासाअखेर रक्तदाबाशी निगडित जनुकीय जागांची संख्या 901 वर गेली. बहुतेक जागांचा एकेकटा परिणाम अगदी किरकोळ. एकाच जनुकामुळे येणारे प्रकारही आहेत. 1963 साली वर्णन झालेल्या लिडल विकारात मूत्रपिंड मीठ धरून ठेवते. पण असे प्रकार विरळा, आणि ते बहुधा तरुणपणीच दिसतात.

जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण 30 ते 50 टक्के वाटा आनुवंशिक धरला जातो. उरलेला वाटा मीठ, वजन, दारू, श्रम अशा गोष्टींचा. एकच बियाणे भारी काळ्या जमिनीत आणि बरड रानात सारखे येत नाही, हे कापूस पेरणाऱ्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

वय आणि लिंग हीदेखील अशीच जमीन. तरुण वयात स्त्रियांचा रक्तदाब सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असतो. पाळी गेल्यावर हा फरक मिटत जातो आणि उतारवयात स्त्रिया पुरुषांना गाठतात, कित्येकदा मागेही टाकतात. जनुके जन्मापासून तीच; बदलतात ती संप्रेरके आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता. गरोदरपणी बीपी वाढलेल्या बाईला पुढील आयुष्यातही धोका अधिक असतो. पण बाळंतपण आटोपले की तिच्या दंडाला पट्टा बांधायचे कुणाच्या ध्यानात राहत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरील सुमारे 24 टक्के पुरुषांचा आणि 21 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला, किंवा औषधाने आटोक्यात ठेवलेला, आढळला. म्हणजे हा केवळ पुरुषांचा आजार नव्हे.

म्हणून घराण्यात बीपी असलेल्याने हातपाय गाळू नयेत. त्याने लवकर आणि वरचेवर मोजावे, लोणचे-पापड बेताने खावे. घराण्यात नसलेल्यानेही मोजावे, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. आणि पाळी गेलेल्या आईला दवाखान्यात नेताना तिच्या माहेरी कुणाला बीपी होते, हे जरूर विचारावे. पण उत्तर काहीही आले तरी पट्टा बांधल्याशिवाय परतू नये.