बरगडीची कूर्चा आणि नव्या नाकाचा आधार

इसवी सन १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याकडील ज्या शस्त्रक्रियेची हकीकत सचित्र छापली, तिचा हवाला दिल्यावाचून आपल्याकडे पुनर्रचनेच्या शल्यविद्येवरील एकही व्याख्यान पुढे सरकत नाही. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा आणि टिपूच्या कैदेत नाक व एक हात गमावून बसलेला एक मराठा शेतकरी, ज्याचे नाव मासिकाने ‘कावसजी’ असे दिले आहे, त्याच्या कपाळावर पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने मेणाच्या पत्र्याचे माप ठेवून कातडी आखली, भुवयांमधला देठ शाबूत राखून ती खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. हे सारे खरे आहे, अभिमानास्पदही आहे. परंतु सुश्रुतसंहितेतील गालाच्या कातडीपासून या कपाळाच्या कातडीपर्यंत आपले सारे कौतुक त्वचेपुरतेच राहिले. त्या त्वचेला आतून उभे कोणी धरावयाचे, हा प्रश्न कौतुकाच्या भरात मागे पडला. अस्तर आणि आधार नसलेली कातडी, कारागीर कितीही निष्णात असला तरी, कालांतराने आक्रसते आणि चेहऱ्यावर बसते.

हा आधार छातीत सापडला. वरच्या दहा बरगड्यांच्या पुढच्या टोकांना जी पांढरी, चिवट, सुरीने कापता येण्याजोगी कूर्चा असते, तिचा तुकडा नाकात बसवण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फॉन मांगोल्ट यांनी केला. पण त्याला रीतसर शास्त्राचे रूप आले ते पहिल्या महायुद्धाच्या खंदकांमुळे. इंग्लंडातील सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात हॅरल्ड गिलीज यांच्यापुढे नाक, जबडा आणि गाल उडालेले शिपाई रांगेने येत होते. १९१७ मध्ये नाक गमावलेल्या लेफ्टनंट विल्यम स्प्रेक्ली याच्या बाबतीत त्यांनी बरगडीची कूर्चा आधी कपाळाच्या कातडीखाली पुरून ठेवली, ती तिथे रुजल्यावर कातडीसकट खाली आणली, आणि प्रथम जे बेढब सोंडेसारखे नाक दिसले ते सूज ओसरल्यावर अगदी सुबक ठरले. पुण्याची कातडी आणि छातीचा आधार यांचा हा संगम होय, असे म्हणावयास हरकत नाही.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी भोवतालच्या द्रवातून झिरपून येणाऱ्या पोषणावर, अत्यल्प गरजेत, गुजराण करतात. म्हणूनच एका जागेहून उचलून दुसरीकडे ठेवली तरी ती उपासमारीने मरत नाही. मात्र ती रुग्णाची स्वतःची असावी लागते. गिलीज यांनी पुढे कानाविना जन्मलेल्या मुलांसाठी त्यांच्या आयांच्या कानांची कूर्चा वापरून पाहिली. मातृप्रेमाचा इतका शब्दशः उपयोग क्वचितच झाला असेल, पण शरीराने तो मानला नाही आणि कूर्चा हळूहळू विरून गेली.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक. सरळ कोरून बसवलेला दांडा काही दिवसांनी वाकतो आणि नाक एका अंगाला कलते. ग्लासगोचे थॉमस गिब्सन आणि त्यांचे सहकारी डेव्हिस यांनी १९५८ मध्ये याचा उलगडा केला: कूर्चेचे बाहेरचे थर सर्व बाजूंनी ताणलेले असतात आणि हे ताण परस्परांस तोलून धरतात, एका बाजूचा थर तासला, की तोल जातो आणि तुकडा उरलेल्या थराकडे वळतो. तेव्हा गाभ्यातून, चहूबाजूंनी सारखे तासून तुकडा घ्यावा, हा नियम ठरला. कोरलेला तुकडा काही वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून त्याची वाकण्याची खोड आधीच पाहून घेण्याची सावधगिरीही जाणते शल्यविशारद बाळगतात.

या कारागिरीची खरी कसोटी कानावर लागते. १९५९ मध्ये अमेरिकेत रॅडफर्ड टँझर यांनी, नंतर बर्ट ब्रेंट यांनी, आणि १९९३ च्या सुमारास जपानच्या सातोरू नागाता यांनी जी पद्धत परिणत केली, तिच्यात चांगल्या कानावर पारदर्शक पट्टी ठेवून त्याची रेषा उतरवतात आणि ती उलटी करून नव्या कानाचा नमुना धरतात. सहाव्या व सातव्या बरगडीची जी सांधलेली कूर्चा असते, तिच्यातून कानाचा तळ कोरतात, आठवीच्या लांब पट्टीला तासून कडेची वळी करतात, आणि तारेने दोहोंची जोडणी करतात. छातीची जखम शिवण्यापूर्वी तिच्यात पाणी ओततात आणि भूल देणारा डॉक्टर फुप्फुस फुगवून धरतो. बुडबुडे आले तर फुप्फुसावरचे आवरण फाटले असे समजावे. मग कातडीखाली खिसा करून सांगाडा आत सरकवतात आणि बारीक नळीतून हवा शोषून घेतात, तेव्हा सैल कातडी एकदम चिकटते आणि कानाच्या वळ्या डोळ्यांदेखत उमटतात. ब्रेंट हे काम सहाव्या वर्षापासून करीत. नागाता मात्र मूल दहा वर्षांचे आणि त्याच्या छातीचा घेर ६० सेंटिमीटर होईपर्यंत थांबत, कारण त्यांच्या सांगाड्याला कूर्चा जास्त लागे. शाळेतल्या चिडवण्याचा विचार केला तर पालकांना हे थांबणे जड जाते, हे मान्य. तरी अपुऱ्या मालावर घाईने केलेला कान पुन्हा करणे त्याहून जड.

आपल्याकडे या विषयाला कुष्ठरोगाने निराळेच वळण दिले. गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या बसलेल्या नाकांवर काम केले, तेव्हा मुख्य दोष आतल्या अस्तरात दिसला: रोगाने अस्तर आक्रसलेले असते आणि ते बाहेरच्या निकोप कातडीलाही आत ओढते. अशा नाकात नुसती बरगडी घालणे फोल. आधी आत नवे अस्तर लावून जागा मोकळी केली पाहिजे. आधाराची थोरवी सांगताना त्याची ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

पुढे उतारवयात हीच कूर्चा चुन्याने कडक होते, कोरताना ठिसूळ तुकडे पडतात. सिलिकोन आणि सच्छिद्र पॉलिइथिलीन यांचे तयार सांगाडे छातीची जखम वाचवतात, पण कातडी फाटून ते बाहेर डोकावण्याचे भय आयुष्यभर राहते. १९९७ मध्ये बोस्टनच्या व्हाकांटी बंधूंनी उंदराच्या पाठीवर कानाच्या आकाराची कूर्चा वाढवून दाखवली, २०१८ मध्ये चीनमधून मुलांच्याच पेशींपासून वाढवलेले कान बसवल्याचा अहवाल आला, २०२२ मध्ये अमेरिकेत त्रिमितीय छपाईने बनवलेला कान एका तरुणीला बसवला गेला. तूर्त मात्र शस्त्रक्रियागृहाच्या रोजच्या कामात निवड बहुधा बरगडीचीच होते.