पेन्शनची वाट (लेखांक चौदावा) : रजेवर निघालेला जवान

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्या रेफरलवर आज लिहीन म्हणालो होतो, ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. ‘सेवेमुळे झालेलं’ आणि ‘सेवेने बळावलेलं’ यांतला फरक गेल्या वेळी मांडला. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : अपघात रजेवर असताना झाला असेल, तर? जवानाला वर्षाकाठी ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल. म्हणजे नोकरीचा जवळजवळ चौथा हिस्सा तो गावी असतो, नाहीतर गावच्या वाटेवर. पेरणी, लग्नं, घराची डागडुजी, जत्रा, सगळं त्याच दिवसांत उरकायचं असतं. त्यामुळे असे अपघात पुष्कळ होतात, आणि त्यांच्या फायलींत जितका गोंधळ असतो तितका दुसऱ्या कुठल्याच फायलींत मी पाहिलेला नाही. या फायली उलगडत बसणं हा माझा वर्षानुवर्षांचा नाद आहे, म्हणून आजचा सगळा हप्ता त्यांनाच.

माण तालुक्यातून एका ताईंनी लिहिलंय. यजमान नायक होते, वार्षिक रजेवर आले होते. पावसाळ्याआधी घराचे पत्रे बदलताना वरून पडले, मणक्याला मार बसला, आणि वर्षभर इस्पितळांत काढून शेवटी मेडिकल बोर्डाने त्यांना घरी पाठवलं, म्हणजे बोर्ड आऊट झाले. इनव्हॅलिड पेन्शन सुरू आहे, डिसअ‍ॅबिलिटी एलिमेंट मात्र नाकारलाय. आता एक गृहस्थ सांगतायत, ‘रजा म्हणजे ड्युटीच, तीस हजार द्या, केस टाकू, नक्की मिळेल.’

ताई, ते पैसे देऊ नका. रजा ड्युटीत धरावी, हे म्हणणं अगदीच निराधार नाही. कॅज्युअल रजा ड्युटीत मोजली जाते हे रजेच्या नियमांतच आहे, आणि त्याच आधारावर एके काळी उच्च न्यायालयांत दावे मंजूरही झाले. पण ‘ड्युटीवर होता’ एवढं म्हणून भागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००८ मध्ये दिलबाग सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं : रजेवरच्या माणसाला ड्युटीवर मानलं तरी दुखापतीचा फौजेच्या नोकरीशी काही ना काही कार्यकारण संबंध दिसलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुझार सिंग प्रकरणात वार्षिक रजेवरच्या रस्ते अपघाताचा दावा याच कारणाने फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केलेला असतानाही. २०१५ मध्ये विजय कुमार या नायकाच्या प्रकरणातही तेच झालं. तेही रजेवर असताना पडून जखमी झाले होते. स्वतःच्या घराचे पत्रे बसवणं यात फौजेचा धागा दाखवता येत नाही. तुमच्यावर जे कोसळलंय ते फार मोठं आहे, आणि म्हणूनच खोट्या आशेवर खर्च होऊ नये असं मला कळकळीने वाटतं. इनव्हॅलिड पेन्शनची रक्कम बरोबर लागली आहे का, हे मात्र पेन्शनचा आदेश (पीपीओ) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर तपासून घ्या. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत.

घरच्या कामात झालेल्या दुखापतीचा भार डिसअ‍ॅबिलिटी पेन्शनवर टाकू नये, हे तत्त्व मला पटतं. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्यांचा धागा पक्का आहे अशांच्या फायलींवरही तेच एक वाक्य ठोकलं जातं : ‘रजेवर असताना, सबब सेवेशी संबंध नाही.’ आणि माणसं ते वाचून गप्प बसतात.

सगळ्यात पक्का धागा प्रवासाचा. पलटणीतून घरी जाताना आणि घरून पलटणीत परतताना जवान ड्युटीवर असतो, हे १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समध्येच लिहिलंय. त्यात एक मेख होती : प्रवास सरकारी खर्चाने हवा, रेल्वे वॉरंटवर. मदन सिंग शेखावत नावाचे जवान कॅज्युअल रजेवर स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गावी निघाले होते. राजस्थानात बिसाऊ स्टेशनवर गाडीतून उतरताना पडले आणि हात गमावून बसले. तिकीट स्वतःचं, म्हणून पेन्शन नाही, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते मोडून काढलं. मंजूर रजेवर निघालेल्या माणसाने तिकिटाचे पैसे स्वतः भरले म्हणून त्याचा हक्क जात नाही, असा त्या निकालाचा अर्थ. वॉरंट घरच्यांसाठी राखून ठेवायचं आणि स्वतः खिशातून तिकीट काढायचं, असं आपल्याकडे किती जण करतात! त्या सगळ्यांसाठी हा निकाल आहे.

मी पाहिलेली एक फाईल सांगतो, कारण तिच्यात धागा कसा सापडतो ते स्वच्छ दिसतं. जम्मूकडे पोस्टिंगला असलेला एक हवालदार झेलम एक्सप्रेसने आला आणि पुण्यापर्यंत न जाता दौंडला उतरला. धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. फलटणच्या दिशेने घरी जाताना रात्री ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाडी आदळली आणि मांडीचं हाड मोडलं. पुढे तो नोकरीत राहिला, लो मेडिकल कॅटेगरीतच मुदत पुरी केली. रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, रजेवर झालेला अपघात, सेवेशी संबंध नाही. रजा सुरू झालेली होती हे खरंच होतं. लिव्ह सर्टिफिकेटवर अपघाताच्या आदल्या दिवसाची तारीख होती. तिकीट कधीच हरवलं होतं.

उपयोगी पडला तो पोलिसांचा पंचनामा. रस्त्यावर काय काय पडलं होतं त्याची यादी त्यात होती : एक हिरवी कॅनव्हासची किट बॅग, आत वर्दीचे दोन जोड, बुटांचा जोड, अक्रोडाची पिशवी. जागाही लिहिलेली, दौंडकडून येणाऱ्या बाजूची. माणूस घरी पोचून, सामान टाकून पुन्हा बाहेर पडला असता तर वर्दी आणि अक्रोड रस्त्यावर सापडले नसते. तो अजून प्रवासातच होता, आणि हे अपघाताच्या रात्री एका हवालदाराने (हा पोलिसातला) बॅटरीच्या उजेडात लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या अपिलात हा पंचनामा जोडला आणि दावा मान्य झाला. ३० टक्क्यांचे ५० धरले गेले. २० टक्क्यांपासून ५० पर्यंतचं सगळं ५० धरायचं, हा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात ठरवून दिलंय. पूर्ण, म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के एलिमेंट, म्हणून ५० ला १५ टक्के. वेतन ४०,००० असेल तर महिना ६,००० आणि वर महागाई भत्ता, हयात असेपर्यंत.

प्रवासाशिवाय आणखी एक धागा आहे, पण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. फौजेत आहे या कारणाने कुणी रजेवरच्या जवानावर हल्ला केला, तर त्या वेळी तो ड्युटीवर होता असं नियमच मानतो. गावकीच्या, बांधाच्या भांडणाला हे लागू होत नाही. काश्मीरमध्ये किंवा ईशान्येकडे घरी रजेवर आलेल्या जवानाला हेरून मारलं जातं, तिथे लागू होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतापर्यंत सांगितलं ते सगळं दुखापतीचं. आजाराचा हिशेब वेगळा आहे आणि तो कृपा करून यात मिसळू नका. रजेवर असताना छातीत कळ आली, रजेवर असताना पहिली फीट आली, म्हणून ‘रजेवरचा आजार’ असा काही प्रकार होत नाही. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नाही असा आजार सेवेत जडला तर तो सेवेमुळे असं गृहीत धरायचं, तसं नसल्याचं सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, आणि शंकेचा फायदा जवानाला, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं. ते सिग्नल्सचे जवान. अपस्मारामुळे १९९४ मध्ये त्यांना घरी पाठवलं होतं, आणि बोर्डाने कारण न देताच ‘संबंध नाही’ लिहिलं होतं. हृदयविकाराच्या बाबतीत तर मेडिकल ऑफिसर्ससाठीच्या मार्गदर्शिकेतच सांगितलंय की झटक्याच्या आधीच्या १४ दिवसांत माणूस काय ड्युटी करत होता ते तपासावं. रजेच्या चौथ्या दिवशी झटका आला असेल तर मोजून पाहा : त्या १४ दिवसांतले निदान दहा दिवस तो पलटणीत होता. ती पलटण उंचावर किंवा फील्डमध्ये असेल तर त्या १४ दिवसांच्या ड्युटीचा कागद सोन्याचा आहे. बोर्डाच्या कागदांत तो जोडलेला आहे का ते बघा, नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावहून, तोफखान्यातल्यांनी नाशिक रोडहून. आरटीआयखाली स्वतःचे बोर्डाचे कागद मिळतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांना मात्र नवे नियम लागतात आणि त्यांत हे गृहीतक बरंच आकसलंय. त्यावर मला पुष्कळ बोलायचंय, ते स्वतंत्रपणे.

ज्यांची मुलं आज नोकरीत आहेत त्यांनी एवढं करून ठेवावं. रजेवर काहीही घडलं तर पलटणीला त्याच दिवशी कळवा, आणि जवळच्या मिलिटरी स्टेशनलाही : पुणे, अहिल्यानगर, देवळाली, कामठी, जे जवळ असेल ते. सिव्हिल हॉस्पिटलात केसपेपरवर ‘घरी पडून’ असं घाईत लिहिलं जातं. खरं जे असेल तेच तिथे येऊ द्या, ‘रजेवरून परत जाताना एसटी स्टँडवर’ असेल तर तसंच. पुढे इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी त्याच कागदावर उभी राहते. नकाराचं पत्र आलं तर पहिल्या अपिलाला सहा महिने असतात. उशीर झाला तर मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं दार बंद होत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

पुढच्या आठवड्यात रेफरल, नक्की. पॉलिक्लिनिकमधून पॅनेलवरच्या हॉस्पिटलात जाताना कुणाचा कुठे अडथळा आला ते तोवर लिहून कळवा, आणि कळवताना रेफरलच्या कागदावरची तारीखही लिहा.