नव्या माजघरातील नाती

कोलाड-रोहा भागातील जुन्या कोकणी घराची रचना पाहिली, तर ओटी आणि माजघर यांतील भेद केवळ वास्तूचा नाही हे ध्यानात येते. परका मनुष्य ओटीवर बसतो. माजघरात वावरतात ती घरची माणसे, विशेषेकरून स्त्रिया. मैत्री व प्रणय हा विषय असलेल्या दोन दूरचित्रवाणी-मालिकांची तुलना या भेदाच्या आधारे करण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘कपलिंग’ ही स्टीव्हन मॉफॅट यांनी लिहिलेली विनोदी मालिका बीबीसीने २००० ते २००४ या काळात २८ भागांत प्रक्षेपित केली. स्टीव्ह व सूझन यांची प्रीती जमते आणि दोघांचे मित्र व पूर्वीचे प्रणयी मिळून सहा जणांचा गट होतो. म्हणजे येथे मैत्रीचे मूळ प्रणयात आहे. ही मंडळी वरचेवर भेटतात ती मद्यगृहात. स्थळ सार्वजनिक, संभाषण मात्र अत्यंत खाजगी. एकाच प्रसंगाचा अर्थ स्त्री-पुरुष निरनिराळा लावतात, यातून विनोद निर्माण होतो. एका भागात तर तीच साडेनऊ मिनिटे तीन वेळा, तीन दृष्टींनी दाखविली आहेत.

झी मराठीवरील ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (२०१५-१६) या मालिकेतही तरुण मंडळी सहाच : सुजय, कैवल्य, आशू, मीनल, अ‍ॅना आणि रेश्मा. मुंबईत ती एका घरात राहतात. त्यांना जोडतो तो प्रणय नव्हे, तर सहवास. मराठी दैनंदिन मालिका बहुधा सासर-माहेराच्या नात्यांवर उभी असते. ती नाती वगळली, की ‘ही एकमेकांची कोण?’ असा प्रश्न उरतो. या घराचे नाव ‘माजघर’ ठेवून मालिकेने त्याचे उत्तर दिले आहे. ओटीवर बसावयाची माणसे येथे आत आली आहेत.

या नावाला दुसरी बाजूही आहे. तरुण स्त्री-पुरुषांचे एकत्र राहणे कुटुंबाचे रूप धारण करते तेव्हाच ते घराघरांत स्वीकारले जाते, असेही त्यातून सूचित होते. तथापि विवाह फसलेली रेश्मा विचारात घेतली, तर हा केवळ तडजोडीचा मार्ग ठरत नाही. जुन्या माजघरात स्त्रीचे स्थान कन्या, पत्नी वा सून या नात्याने ठरे. ते तिला आश्रय देई आणि बंधनही घाली. नव्या माजघरात ती कोणाची कोणी नसतानाही राहू शकते. विनोदाच्या आवरणाखाली झालेला हा बदल अभ्यासकाने उपेक्षू नये.