जुनी डिझेल गाडी कोणाला परवडते?

जुन्या गाड्यांच्या बाजारात घरच्या वापरासाठी डिझेल गाडी शोधू लागले, की निरनिराळ्या नावांच्या बॉनेटखाली बऱ्याचदा एकच इंजिन निघते : फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटांनी क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया या सगळ्यांत ते बसले. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होई. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. त्यामुळे आता तिची डिझेल डिझायर घ्यायची तर जुनीच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबली जाऊन तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हा जास्त दाब आणि डिझेलमध्ये दर लिटरमागे पेट्रोलपेक्षा जास्त असलेली ऊर्जा, यामुळे अॅव्हरेज चांगले मिळते. या मल्टिजेटची खोड एकच : इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या खाली गेले की टर्बोचा जोर मिळत नाही आणि गाडी मरगळते. घाटात वेळीच गिअर उतरवावा लागतो.

बचतीचा हिशेब साधा आहे. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, पेट्रोल गाडी १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर देते असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ४० पैसे वाचतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर धावणाऱ्याचे साडेतीन हजार सुटतात. चारशे किलोमीटरवाल्याचे हजारही सुटत नाहीत आणि एखादा इंजेक्टर गेला की वर्षाची कमाई त्यात जाते. रोज बाजार-शाळा-ऑफिस एवढेच फिरणाऱ्याने केवळ अॅव्हरेजच्या मोहाने डिझेल घेण्यात अर्थ नाही. बीएस-६ डिझेल गाडीत तर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला लांबची, सलग धाव लागते. नुसत्या शहरी वापराने तो चोंदतो. जुन्या बीएस-४ गाड्यांत सहसा ही कटकट नाही.

गाडी पाहायला जावे ते सकाळी, इंजिन थंड असताना. विक्रेत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होताना पुढून खडखड आली आणि ती थांबली नाही, तर टायमिंग चेनवर संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. जोर दिल्यावर सतत काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गात दोष. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काळजीपूर्वक सैल करावे. आतून धुराचे जोरदार फुत्कार आले तर मेकॅनिक ‘बॅक कंप्रेशन मारतंय’ म्हणतात, म्हणजे इंजिनकाम जवळ आले. ऑइल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेलमध्ये ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पन्नास हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर आकडा मागे फिरवलेला असण्याची शक्यता मोठी. सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. थकलेली ई-चलने व्यवहाराआधी भरून घ्यावीत. विमा आपल्या नावावर करावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस नव्याला मिळत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्या इकडे येतात, त्या तिथल्या दहा वर्षांच्या निर्बंधामुळे. त्यांच्या किमतीत तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स मिळवूनच तुलना करावी.